जुन्या परवान्यांचं काय? बांबूच्या नियमावलीसाठी दोन वाक्यांची तुलना

गडचिरोलीकडे ग्रामसभा बांबूचे नियम बदलायला बसली की दर आणि मजुरीवर रात्र सरते. आधीच दिलेल्या परवान्यांबद्दलचं वाक्य मात्र शेवटी, सगळे उठता उठता लिहिलं जातं. पुढची भांडणं तिथूनच निघतात.

साधारण दोन वाक्यं सुचवली जातात. पहिलं: 'आधीचे परवाने, जुने नियम जणू रद्द झालेच नाहीत असे समजून, मुदतीपर्यंत चालतील.' दुसरं: 'अमुक तारखेपासून जुने परवाने संपले असे मानले जाईल.'

पहिल्यात पैसे भरलेल्याचा माल अडत नाही, पण काही काळ दोन दर चालतात आणि वही दुहेरी ठेवावी लागते. दुसरं हिशेबाला सोपं. मात्र अर्धी तोड झालेल्याचं काय, हे त्यात नसतं.

'संपले असे मानले जाईल' किती जोखमीचं असतं, ते २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४ मध्ये दिसतं. कायदा १ जानेवारी २०१४ ला लागू झाला. आधीच सुरू असलेल्या संपादनात निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, झालेला नसेल तर मोबदला नव्या कायद्यानं, झाला असेल तर १८९४ च्या जुन्यानं. इथवर स्वच्छ. पण कायदा लागू होण्याच्या पाच वर्षं किंवा त्याहून आधी निवाडा होऊनही ताबा घेतला नाही 'किंवा' मोबदला दिला नाही, तर संपादन संपलं असं मानायचं, अशीही तरतूद होती. ६ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो 'किंवा' 'आणि' असा वाचायचा ठरवला. दोन्ही गोष्टी राहिल्या असतील तरच संपादन संपतं. धरणात शेत गेलेल्या घरासाठी एवढ्या एका शब्दात शेताचा निकाल होता.

म्हणून मी पहिलं वाक्य घेईन, पण तारखेसह. संविधानात ३७० ची तरतूद 'अस्थायी' म्हटलेली होती, शेवटची तारीख नव्हती. ती २०१९ पर्यंत राहिली. कलम ३३४ मधल्या, लोकसभा-विधानसभांतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांना दहा वर्षांची मुदत होती. ती वाढत ८० वर्षांवर गेली, पण दर वेळी संसदेला घटनादुरुस्ती करावी लागली. तारीख असली की पुन्हा बसून विचार करावाच लागतो.

माझा मसुदा असा: '३० सप्टेंबरपर्यंत पैसे भरलेले परवाने जुन्या दराने ३१ डिसेंबरपर्यंत चालतील. न तोडलेल्या बांबूचे पैसे परत मिळतील किंवा नव्या परवान्यात वळते होतील. यातले काय घ्यायचे ते परवानाधारक ठरवेल.'

ठरावाआधी हे सभेत गोंडीतही सांगून बघा. सांगणारा जिथं अडेल, तिथं वाक्य तोडून दोन करा.