मॉन्स्टेरासाठी तयार कॉयर स्टिक: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

तीन फुटी कॉयर स्टिक (काथ्या गुंडाळलेली काठी), दहा इंची कुंडी, मोठा मॉन्स्टेरा डेलिशिओसा (चिरा पडलेल्या मोठ्या पानांचा शोभेचा वेल) आणि पूर्वेची खिडकी. पावसाळ्यात बसवल्यापासून मे महिन्यापर्यंतच्या वापरावरून एक नक्की सांगता येईल: काठी आधाराला चांगली, पण मुळं रुजायला जवळपास निरुपयोगी. विकतात मात्र ‘मॉस स्टिक’ (शेवाळाची काठी) म्हणून.

अशा काठीत आत बहुधा पोकळ पीव्हीसी पाइप असतो आणि वर काथ्याचा पातळ थर. वरून ओतलेलं पाणी काथ्यावरून ओघळून थेट कुंडीत जातं. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने पेरांतून निघालेली मुळं काथ्याला चिकटतात आणि वाटतं, जमलं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तीच टोकं तपकिरी होऊन थांबतात. उन्हाळ्यात पंख्याखाली काठी फवारल्यावर तासाभरात कोरडी ठणठणीत. बोअरचं जड पाणी असेल तर काथ्यावर पांढरा क्षार धरतो, मग टेकलेली मुळं करपतात.

हा वेल दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातल्या जंगलांतला, झाडांच्या खोडांवर चढणारा. मुळांना ओलसर पकड मिळाली की पुढची पानं मोठी येतात. पण पानांना चिरा पडत नाहीत याचं खापर काठीवर फोडू नका. आधी उजेड तपासा. कुंडी खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आतच हवी. पश्चिमेचं एप्रिलमधलं ऊन थेट आलं तर मात्र पानावर कागदी, करडे डाग पडतात. ते भरून येत नाहीत.

बसवताना आधी काठी कुंडीच्या तळापर्यंत, मग झाड, मग माती. नंतर खुपसली तर मुळं तुटतात आणि काठी डुलत राहते. खोडाच्या ज्या अंगाने मुळं फुटतात ते काठीकडे, पानं खिडकीकडे. बांधायचं ते खोड, दोन पेरांमधल्या कांड्यावर. देठ बांधायचा नाही. पान उजेडाकडे वळताना देठच हलतो, अडकला तर पान वेडंवाकडं राहतं. सुती नाडी किंवा वेल्क्रो पट्टी चालते, तार खोडात रुतते. एकदा बांधल्यावर कुंडी फिरवत बसू नये.

नर्सरीची चिकट लाल माती शक्य तेवढी काढून टाका. २ भाग धुतलेलं कोकोपीट, २ भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, १ भाग पर्लाइट (हलके, पांढरे खनिज कण), १ भाग गांडूळखत हे मिश्रण चांगलं चाललं. तोटा एवढाच की ते हलकं असतं. झाड काठीच्या वर गेलं की प्लास्टिकची कुंडी कलंडते. ती जड सिमेंटच्या कुंडीत ठेवा, पण तळाशी पाणी साचू देऊ नका. वरचा दोन इंच थर सुकल्यावरच पाणी. पावसाळ्यात यात आठ-दहा दिवस सहज जातात, उन्हाळ्यात तीन-चार. खालची पानं एकामागून एक पिवळी पडू लागली आणि माती ओलीच असेल, तर मुळं कुजताहेत. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा पुरे.

खरोखर मुळं रुजवायची असतील तर प्लास्टिकच्या जाळीची तीन इंच व्यासाची नळी करून केबल टायने बांधा आणि भिजवलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) दाबून भरा. मॉस महाग पडतं. त्यात निम्मे सोडणाचे तुकडे चालतात. नुसतं कोकोपीट जाळीतून गळतं. नळीच्या वरच्या टोकाला, तळाशी बारीक भोक पाडलेली बाटली अडकवली की पाणी थेंबाथेंबाने आत मुरतं. उंची कमी पडली की वर दुसरी नळी जोडता येते; तयार काठीला बहुधा ती सोय नसते.

थ्रिप्सबाबतही (पानांचा रस शोषणारे बारीक फुलकिडे) काथ्या त्रासदायकच, कारण कीड सांदीकोपऱ्यांत दडते. पानावर चंदेरी ओरखडे आणि काळे ठिपके दिसले की लिटरला ५ मिली नीम तेल, १-२ मिली द्रव साबण घालून पानांच्या मागून आणि काठीवरही फवारा, दर पाच-सहा दिवसांनी, निदान चार वेळा. अंडी पानाच्या आत असतात, एका फवारणीने ती मरत नाहीत. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर झाड त्यांच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा. पानांतल्या कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुयांनी तोंडाची आग होते. छाटणी हातमोजे घालूनच करा.