अप्पांच्या मशीनसमोरचं वार-वेळ दाखवणारं घड्याळ

माझे वडील, अप्पा, ऐंशीच्या घरातले. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचं शिलाईचं दुकान आहे. अल्झायमर झाल्यापासून कटिंग त्यांच्या हातून सुटलं. माप घेऊन कापडापर्यंत येईतो आकडा डोक्यातून जातो. पण साडीला फॉल लावायला बसले की टाका आजही इतका बारीक, की सुलट बाजूला शोधून सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी खचतो, हाताला लागलेलं वळण त्यामानानं बरंच टिकतं. तेव्हाच ठरवलं, अप्पांना घरी बसवायचं नाही.

अडचण वाराची न् वेळेची होती. "आज वार कुठला गं?" हे गिऱ्हाइकासमोर विचारावं लागलं की त्यांचा चेहरा उतरायचा. म्हणून हे आठ इंची पडद्याचं घड्याळ मागवलं, अडीच हजारांच्या आसपास पडलं. काटे नाहीत. वार, तारीख, वेळ आणि दिवसाचा प्रहर, सगळं काळ्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत.

खरा उपयोग दिवेलागणीला होतो. त्या वेळी अप्पांचा गोंधळ वाढतो. डुलकी काढून उठले की सकाळ झाली असं वाटून शटर उघडायला निघतात. आता मान वळवून पडद्यावरचं 'शाम' वाचतात आणि "मग उद्या बघू" म्हणत चष्मा काढून ठेवतात. दंडाला धरून मागं आणावं लागत नाही, चारचौघांत समजवावं लागत नाही. माझे पैसे तिथंच वसूल झाले. आणि 'शनिवार' दिसला की स्वतःहून डबा उघडून हिशेबाला बसतात. फॉलचे पैसे गिऱ्हाईक त्यांच्याच हातात देतं. बेरीज मी करते, नोटा तेच मोजतात.

'शाम' अशासाठी, की यात हिंदी आहे, मराठी नाही. भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सात जणांना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे (अल्झायमर त्यातलाच एक प्रकार), जवळजवळ ८८ लाख माणसं. त्यांत मराठी वाचणारे काय कमी असतील? याचा मला मनापासून राग येतो. रेटिंगमधला एक तारा त्यासाठी कापला.

गोळ्यांची आठवण करून देणारा गजर आहे, तो मी बंद केला. एकदम आवाज झाला की अप्पा दचकतात आणि हातात सुई असते. आत बॅटरी नाही, वीज गेली की पडदा काळा. आम्ही इन्व्हर्टरवर जोडलंय.

वाचलेल्याचा अर्थच लागत नाही अशा टप्प्यावर माणूस पोचला असेल तर घेऊ नका. बाकीच्यांनी जरूर घ्या, पण भिंतीवर उंच टांगू नका. माणूस कामाला जिथं बसतो तिथं, नजरेच्या रेषेत ठेवा.