जुनी गाडी घेताय? एअर-फ्युएल मीटर दाखवून मला कसं गंडवलं ते वाचा

सेकंडहँड पेट्रोल गाडी बघायला गेलात आणि विकणारा डॅशबोर्डवर बाहेरून बसवलेल्या एअर-फ्युएल मीटरकडे (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) बोट दाखवून "मिक्श्चर एकदम परफेक्ट" म्हणायला लागला, तर आधी एक करा. इंजिन चालू करून चांगलं गरम होऊ द्या. त्यानंतरही मीटरचा दिवा मधोमधच शांत बसून राहिला, तर तो मीटर बहुधा काहीही मोजत नाहीये. निघा तिथून.

माझी गाडी २०१३ च्या शेवटी नोंदलेली पेट्रोल हॅचबॅक, पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडची. आधीच्या मालकाच्या मुलाला गाडीची हौस होती म्हणे. अलॉय व्हील, मोठा सायलेन्सर, आणि स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला खांबावर चिकटवलेला गोल मीटर. त्यात लाल, पिवळ्या, हिरव्या दिव्यांची कमान. गाडी चालवून बघितली तेव्हा पिवळा दिवा मधोमध लागला तो जागचा हलला नाही. व्यापारी म्हणाला, "साहेब, बाकीच्यांच्या गाडीत हा नुसता नाचतो. आपल्या गाडीत बघा, पेट्रोल-हवा कायम मापात."

खरं नेमकं उलटं आहे. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण साधलंय की नाही हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो. पण जुन्या गाड्यांतला साधा सेन्सर आकडा सांगत नाही, फक्त बाजू सांगतो. पेट्रोल जास्त झालं की ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त झाली की ०.१ च्या आसपास, आणि मधली सीमारेषा ०.४५ ची. ईसीयू त्यावरून पेट्रोल थोडं कमी करतो, मग सेन्सर म्हणतो कमी झालं, की लगेच थोडं वाढवतो. हे भांडण गरम इंजिनात नेहमीच्या चालीत अखंड चालू असतं. त्यामुळे अशा सेन्सरला जोडलेला मीटर या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलकावे खातो, आणि खायलाच हवेत. शिवाय हा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. थंड गाडीत चावी फिरवल्याक्षणी मीटरने 'परफेक्ट' दाखवलं तरी ते मोजमाप नसतं.

आकडे दाखवणारे वाइडबँड मीटर वेगळे. त्यांचा सेन्सरही वेगळा लागतो. तेही चावी फिरवल्यावर आधी सेन्सर तापवतात, आणि इंजिन बंद असताना एक्झॉस्टमध्ये नुसती हवा असल्यामुळे हवेच्या टोकाचा आकडा दाखवतात. बंद इंजिनावर १४.७ दिसला तरी संशय घ्याच.

गाडी घरी आल्यावर अ‍ॅव्हरेज पडलेलं जाणवत होतं, सिग्नलला थांबलं की मागून कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. सायलेन्सरच्या तोंडाला बोट लावलं तर काजळी. मीटर मात्र आपला पिवळाच! मग व्यापाऱ्याने दिलेल्या पीयूसीची मुदत संपली. ते त्याला कुठून मिळालं होतं देव जाणे. पंपाशेजारच्या पीयूसीवाल्या पोराने नळी घातली, स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "काका, सीओ लयच जास्त येतोय. नाही होणार पास." बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. आमचा कितीतरी वर होता.

भोसरीतल्या एका वायरमनकडे नेली. त्याने स्कॅनर लावला, पहिलाच कोड पी०१३१, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज कमी. लाइव्ह डेटामध्ये तो ०.१ वर मेल्यासारखा पडून. ईसीयूला वाटतंय पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो बिचारा ओततच राहतोय. मग चेक इंजिनचा दिवा का लागला नाही? त्याने मीटर कन्सोल उघडला. त्या दिव्यावर मागून काळी टेप, नखाने दाबून गुळगुळीत बसवलेली. चावी फिरवली की ऑइल, बॅटरी, चेक इंजिन हे सगळे दिवे एकदा लागायला हवेत. आमच्या गाडीत त्यातला एक कधी लागलाच नव्हता, आणि जो दिवा लागत नाही त्याच्याकडे कोण बघतं?

मग त्याने खांबावरच्या मीटरची वायर ओढली. लाल वायर फ्यूज बॉक्सला, काळी बॉडीला. सिग्नलची तिसरी वायर इंजिनकडे जायला हवी, ती डॅशबोर्डच्या मागेच संपलेली. तिला दोन बारीक रेझिस्टर सोल्डर करून वर ट्यूब चढवलेली. बारा व्होल्टमधून अर्ध्या व्होल्टच्या आसपासचा तुकडा काढून मीटरला कायमचा दिला होता. मल्टीमीटर लावून त्याने मला दाखवलं, आणि खरं सांगतो, क्षणभर त्या कारागिराचं कौतुकच वाटलं.

गाडी रॅम्पवर घेतल्यावर पुढचं निघालं. मागचा ऑक्सिजन सेन्सर पाइपातून इंचभर वर आलेला, खाली लोखंडी नळीचा तुकडा. याला स्पेसर म्हणतात. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, चांगला असला की मागच्या सेन्सरचा सिग्नल बराचसा स्थिर राहतो. कॅट गेला की तो पुढच्यासारखाच नाचायला लागतो आणि ईसीयू पी०४२० कोड देतो. सेन्सर धुराच्या प्रवाहातून थोडा बाहेर काढला की ही चोरी झाकली जाते. कॅट खोलला, तर आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जी सिरॅमिकची जाळी असते तिचा पत्ताच नाही, आरपार उजेड दिसला. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात त्याला चांगला भाव आहे. सेन्सरचा खर्च चार आकडी, कॅटचा पाच आकडी.

व्यापाऱ्याला फोन केला. "साहेब, तुम्ही गाडी बघून, चालवून, पसंत करून घेतली, कागदावर सही आहे." मीटरचं विचारलं तर म्हणे तो आधीच्या मालकाने बसवलाय. टेपबद्दल विचारल्यावर फोन कट.

तर गाडी बघायला जाताना ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (ईसीयूतले कोड फोनवर दाखवणारा) खिशात ठेवा, काहीशे रुपयांत मिळतो. एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं आहे, त्यामुळे कॅटवरही लक्ष असतं. नुसते कोड बघून थांबू नका, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या कोणत्या तपासण्या पूर्ण झाल्यात ते बघा. कॅटॅलिस्टपुढे 'इनकम्प्लीट' आलं तर बॅटरी काढून किंवा स्कॅनरने कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. इंजिन गरम झाल्यावर पुढच्या सेन्सरचा ग्राफ लावा, वर-खाली होतोय ना ते बघा. व्यापारी असेल तर आरटीओचं नमुना २९बी मधलं अधिकृतता प्रमाणपत्र मागा.

मी वायरमनकडून लेखी रिपोर्ट घेतला, टेपचे, रेझिस्टरचे, रिकाम्या कॅटचे फोटो तारखेसकट ठेवले आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. नोटीस गेली आहे. उत्तर आलं नाही तर पुढची पायरी आयोगाची. काढलेले सगळे पार्ट मी फेकलेले नाहीत, रेझिस्टरची ती वायरसुद्धा.