आय७ आठवी जनरेशन म्हणून घेतला आणि निघाला सहावीचा

साताऱ्यात लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो मी. तुळशीची लग्नं लागली की आमचा सीझन सुरू, म्हणून मागच्या दिवाळीत म्हटलं एक जादाचा लॅपटॉप घेऊन टाकू, नवा काय परवडत नाही तर रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकलेला जुना, बघू. पुण्यातल्या एका दुकानाची ऑनलाइन जाहिरात दिसली, इंटेलचा आय७ प्रोसेसर आठवी जनरेशन (पिढी), १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, २४ हजार. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पक्कं बिल नाही, ते का नाही ते पण पुढे येईलच.

आठवीच का पाहिजे होती ते आधी सांगतो, सगळा घोळ तिथंच आहे. इंटेलच्या पातळ लॅपटॉपमधल्या ज्या चिप असतात, नंबरच्या शेवटी यू असलेल्या, त्यांच्यात सातव्या जनरेशनपर्यंत आय५ घ्या नाहीतर आय७, कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोनच. २०१७ मध्ये आठवी आली आणि तेवढ्याच १५ वॅटमध्ये आय५ आणि आय७ ला चार कोअर, आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) मिळाले. म्हणजे सातवीचा आय७ ७५००यू आणि आठवीचा आय५ ८२५०यू शेजारी ठेवले तर एक्स्पोर्टला, म्हणजे एडिट झालेला व्हिडिओ फाइल करून बाहेर काढायला, आय५ पुढे पळतो. लोक आय७ ऐकूनच खूश होतात आणि पुढचा आकडा, म्हणजे ८२५० मधला जनरेशनचा ८, बघतच नाहीत. मी बघितला होता हो. तरी फसलो!

दुकानात गेलो, पोराने लॅपटॉप चालू करून विंडोजमधली मशीनची माहिती, म्हणजे प्रॉपर्टीज, उघडून दाखवली. आय७-८५५०यू, १.८० गिगाहर्ट्झ (हा वेग), असं स्वच्छ लिहिलेलं, आणि त्याच ओळीत पुढे २.८१ गिगाहर्ट्झ. मी विचारलं हे दोन दोन आकडे कसले, तर म्हणाला "दादा तो बूस्ट असतो, हा चारपर्यंत जातोय." ८५५०यू खरंच ४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो हे मला माहीत होतं, त्यामुळे मान डोलावली. मनगट टेकून टेकून बाजूचा रंग उडालेला पण प्रोसेसरचा स्टिकर मात्र कालच चिकटवल्यासारखा चकचकीत, ते पण डोळ्यासमोर होतं. बिल मागितलं तर म्हणे बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वर पडेल. चार हजार वाचतील म्हणून म्हटलं राहू दे, आणि यूपीआयने पैसे दिले. दुकानाचं नाव न लिहिण्याचं कारण ते हे.

आता गंमत अशी की महिनाभर काही कळलंच नाही. ब्राउझर, व्हॉट्सअॅप, अल्बमचे फोटो निवडणं, सगळं मस्त, कारण असल्या कामाला एकदोन कोअर पुरतात आणि एका कोअरपुरतं बघितलं तर सहावी आणि आठवीत रोजच्या वापरात जाणवेल एवढा फरक नाहीच. खरी लाज निघाली डिसेंबरात. मित्राकडे आय५ ८२५०यू आहे, रॅम माझ्याएवढीच. एका हळदीचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ दोघांनी सेम सेटिंगवर एक्स्पोर्टला लावला, त्याचा २६ मिनिटांत बाहेर, माझा ४५ मिनिटं, आणि फॅन असा ओरडतोय की शेजारच्या खोलीतून आई विचारतेय मिक्सर कोण लावलाय. मला वाटलं धूळ असेल. ५०० रुपये देऊन प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी थर्मल पेस्ट बदलून घेतली, फरक शून्य.

मग मित्रानेच विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेला आणि गप्पच बसला. कोअर्स २, लॉजिकल प्रोसेसर्स, म्हणजे थ्रेड, ४. म्हणाला भावा, ८५५०ला इथं ४ आणि ८ पाहिजे. प्रोसेसर ओळखणारं सीपीयू-झेड हे अॅप टाकलं, ते थेट चिपला विचारतं, तर निघाला आय७-६६००यू. स्कायलेक, म्हणजे सहावी जनरेशन, २०१५ चं डिझाइन.

मग नाव कसं बदललं होतं? विंडोज प्रॉपर्टीजमध्ये जे नाव दाखवते ते रजिस्ट्री नावाच्या स्वतःच्या सेटिंगच्या वहीतून उचलते, आणि तिथं कोणीही काहीही टाइप करू शकतो, हवं तर 'गणपती बाप्पा मोरया' लिहा, तेच दिसेल. रीस्टार्ट केलं की खरं नाव परत येतं, म्हणून या बहाद्दराने लॉगिनला आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट टाकून ठेवली होती. ती बंद केली, मशीन पुन्हा चालू केलं, तर ६६००यू, २.६० आणि पुढे २.८१. ते २.८१ पहिल्यापासून खरं बोलत होतं! ६६००यू वर ही जोडी अशीच दिसते, ८५५०यू वर १.८० च्या पुढे १.९९ किंवा २.०० असं काहीतरी येतं. त्याने नाव बदललं आणि दुसरा आकडा बदलायला विसरला, किंवा कोण बघतंय म्हणून सोडून दिला.

विंडोज ११ पण जुगाड करून टाकलेली. इंटेलच्या बाबतीत तिला चालणाऱ्या प्रोसेसरची अधिकृत यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठवीपासून सुरू होते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. आता माझा अंदाज आहे की ऑफिसातून निघालेले सहावी सातवीचे ढीग त्याच सुमारास बाजारात आले असणार. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक अॅप चालवलं असतं तर हा प्रोसेसर चालत नाही म्हणून तोंडावर सांगितलं असतं, पण मी चालवलंच नाही ना.

घेताना दुकानातच टास्क मॅनेजरमध्ये कोअर मोजा, पेनड्राइव्हवर सीपीयू-झेड घेऊन जा, नाहीतर मशीन चालू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन नाव बघा, तिथं रजिस्ट्रीची थाप चालत नाही, आणि खालचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून मूळ कॉन्फिगरेशन निघतं का तेही बघा. रायझनवाल्यांनी (एएमडीचे प्रोसेसर) पण हसू नका, ५५००यू जुन्या झेन २ डिझाइनचा आहे आणि ५६००यू नव्या झेन ३ चा, नंबर शेजारशेजारचे आणि आतलं घर वेगळं.

जानेवारीत परत गेलो दुकानात. आधी म्हणे आमच्याकडून घेतलाच नाही, मग यूपीआयची नोंद दाखवली, आणि १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, इथूनच फोन लावतो म्हटल्यावर आवाज खाली आला. मालक म्हणाला, "साहेब चिडू नका, पोराची चूक झाली, बदलून देतो, हा बघा आय५ आठवीचा ओरिजिनल." प्रॉपर्टीज उघडून माझ्यासमोर फिरवली. आय५-८२५०यू, १.६० गिगाहर्ट्झ, आणि पुढे २.७१.

२.७१ सातवीच्या ७२००यू वर दिसतो. मी काही न बोलता टास्क मॅनेजर उघडला, कोअर्स २. मालकाने पोराकडे बघितलं, पोराने छताकडे. तासभर वाद घालून १५ हजार परत मिळाले, लॅपटॉप त्यांच्याकडेच राहिला, बाकीचे ९ हजार गेले. निघताना पोरगं तोच माझा लॅपटॉप पुसून परत काचेत मांडत होतं.