गोल्फ जीटीआय: नऊ वर्षं रांगेत, सात महिने गाडीत

गाडी घ्यायची तर आधी प्रश्नमंजूषा सोडवायची, हे आईला समजावताना माझी दमछाक झाली. "पैसेही आपणच द्यायचे आणि पेपरही आपणच लिहायचा?" तिचा प्रश्न रास्त होता. पण मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआय या दमदार हॅचबॅकची नोंदणी भारतात सुरू झाली ती अशीच. पहिल्या खेपेला गाड्या अवघ्या १५०. मी रात्र जागून अभ्यास केला. पहिली जीटीआय १९७६ ची, शर्यतीच्या नियमांपुरत्या ५,००० गाड्या काढायच्या असा कंपनीचा हिशेब, प्रत्यक्षात पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून जास्त निघाल्या, चौकड्यांच्या सीटचं डिझाइन गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंचं, वगैरे. पेपर सुटला, पण १५० मध्ये नंबर लागला नाही.

माझी रांग खरं तर २०१६ पासूनची. तेव्हा याच कंपनीची पोलो जीटीआय, म्हणजे छोट्या पोलोची दमदार आवृत्ती, आली होती. तीन दारांची, १.८ लिटर इंजिन, १९२ पीएस, देशभरात मिळून ९९ गाड्या. किंमत जवळपास २६ लाख. "पोलोला २६ लाख?" असं म्हणत मी गप्प बसलो आणि पुढची कित्येक वर्षं हळहळलो. म्हणून या वेळी आमच्या शहरातल्या एका डीलरकडे, कुणी नोंदणी रद्द केलीच तर, या यादीत नाव घालून आलो.

या गाड्या इतक्या थोड्या का येतात, हे नव्याने वाट बघणाऱ्यांसाठी सांगतो. जीटीआय इथे बनत नाही, तयार होऊन जहाजातून येते. परदेशात मान्यता मिळालेली गाडी इथल्या चाचण्या पुन्हा न करता कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत आणता येते. त्यात कुठलं मॉडेल किती, हे गणित कंपनीचं. आयात शुल्कामुळे किंमत तेव्हा एक्स-शोरूम ५३ लाख होती. त्यावर रोड टॅक्स वेगळा. एवढ्या पैशांत जर्मन बिल्ला असलेली दांडगी एसयूव्ही येते, हे मला निदान चाळीस जणांनी सांगितलंय. बहुतेक लिफ्टमध्ये.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शोरूममधल्या पोराचा फोन आला. "सर, एक बुकिंग कॅन्सल झालंय. लाल रंग. दोन दिवसांत पूर्ण पेमेंट लागेल." नाव नोंदवताना मी पांढरा सांगितला होता. तरी लालला लगेच हो म्हणालो. अडचण वेगळीच होती. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने नवे दर ठरवले होते. मोठ्या गाड्यांना २८ टक्के आणि त्यावर उपकर, याच्या जागी २२ तारखेपासून सरसकट ४० टक्के, म्हणजे एकूण कर कमी. दहा-बारा दिवस थांबलं तर चांगला फरक पडत होता. मी म्हटलं, बिल २२ नंतर करा. तो म्हणाला, "सर, तुमच्या मागे अकरा जण आहेत."

आई आतून ओरडली, "पितृपक्षात गाडी? काही डोकं ठिकाणावर आहे का?"

जीएसटीचा मुद्दा त्याला पटला नव्हता, हा मात्र एका क्षणात पटला. कारण मागचे अकरा जणही पितृपक्षात गाडी उचलणार नव्हते. घटस्थापना नेमकी २२ सप्टेंबरलाच होती. बिल त्या दिवशी झालं, गाडी तिसऱ्या माळेला घरी आली. वाचलेल्या पैशांत पहिल्या वर्षाचा विमा निघाला. आई अजून याचं श्रेय आजोबांना देते.

आता गाडीविषयी. सात महिन्यांत ९,४०० किलोमीटर झालेत. २ लिटर टर्बो इंजिन, २६५ पीएस ताकद, ३७० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मॅन्युअल नाहीच, आता ती जगात कुठेच मिळत नाही. ० ते १०० किमी वेगासाठी ५.९ सेकंद, कमाल वेग २५०. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला सपाटीवर १००, घाटात ६० ची मर्यादा आणि वर कॅमेरे. म्हणजे ५.९ सेकंद मजा, पुढे तासभर क्रूझ कंट्रोल. मला मात्र त्याचं वाईट वाटलं नाही. या गाडीचं खरं सुख आकड्यात नाही, ते वळणात आहे. नोव्हेंबरात पहाटे मुळशीहून ताम्हिणीला निघालो. अशा वळणावर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं नाक बाहेर पळतं, स्टिअरिंग हातातून ओढ घेतं, हे मला आधीच्या गाड्यांवरून ठाऊक होतं. इथे पुढच्या अ‍ॅक्सलला इलेक्ट्रॉनिक लॉकिंग डिफरन्शियल आहे, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटून देणारी यंत्रणा. वळणाच्या मध्यावर पाय दिला की ताकद बाहेरच्या चाकाकडे जाते आणि नाक आत वळतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. माणगावात मिसळ खाल्ली आणि त्याच रस्त्याने परत आलो, काहीही काम नसताना.

शहरात ती शहाण्यासारखी वागते. मुलीला क्लासला सोडणं, भाजी, एअरपोर्ट, सगळं करते. ट्रॅफिकमध्ये अ‍ॅव्हरेज ८ च्या आसपास, हायवेला सरळ चालवली तर १३-१४. १०० ऑक्टेनचं पेट्रोल साध्याच्या दीडपट भावाने मिळतं, दोनदा भरलं, मला काही फरक जाणवला नाही. मॅट्रिक्स हेडलाइट्स, म्हणजे समोरच्या गाडीवरचा झोत आपोआप झाकणाऱ्या, रात्रीच्या हायवेला फार कामाच्या. आवाज मात्र मला हवा होता त्याहून सभ्य आहे.

त्रास रस्त्याने दिला. १८ इंची चाकं, २२५/४० चे टायर, म्हणजे रबर नावालाच. डिसेंबरात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावं पुढचं चाक गेलं आणि टायरला फुगा आला. त्या पॅटर्नचा टायर मिळायला नऊ दिवस लागले. तेव्हापासून सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकरही मी तिरका घेतो. वॉचमन काकांना वाटायचं मी नवशिका आहे.

आणि एक चूक माझी स्वतःची. मी ही गाडी न चालवता घेतली. चालवायला मिळालीच नसती असं नाही, पण मी मागितलीच नाही. यादीत नाव असलं की माणूस गिऱ्हाईक राहत नाही, उमेदवार होतो. निवड व्हावी एवढीच धाकधूक. तीन लाखांची स्कूटर-बाइक घेताना मी दहा प्रश्न विचारले असते. इथे बाबांना मागे बसता येईल का, एवढंही पाहिलं नाही. पाय ठेवायला जागा आहे, पण सीट खाली आणि बाबांचे गुडघे ऐंशी वर्षांचे. ते आता आईच्या जुन्या वॅगन-आरनेच डॉक्टरांकडे जातात. मला गाडी आवडते, पुन्हाही घेईन, पण हे आधी बघून घेतलं असतं.

मार्चमध्ये शोरूममधल्या त्याच पोराने एकाला माझ्याकडे पाठवलं. माझ्या मागच्या अकरांपैकी, अजून वाट बघणारे. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, चौकड्यांच्या सीटवरून हात फिरवला. मी किल्ली दिली आणि त्यांच्यासोबत आलेल्या वहिनींना मुद्दाम मागे बसवलं. चांदणी चौकापर्यंत जाऊन आलो. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर पहिलटकराचा आनंद होता. येताना एका स्पीडब्रेकरवर मागून "अगं आई गं" आलं आणि नंतर कुणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पोराचा फोन. "सर, काय सांगितलंत त्यांना? नाव काढून घेतलं हो."

मी म्हटलं, काहीच नाही, फक्त चालवायला दिली.