मुल्हेर किल्ला, बागलाण: सगळे साल्हेरला जातात, पण राजधानी इथे आहे (किल्ला + जेवण-मुक्काम + वाटाड्या, सगळ्याचा रिव्ह्यू)

साल्हेर युनेस्कोच्या यादीत आल्यापासून (जुलै २०२५, मराठ्यांचे १२ किल्ले त्यात आहेत) बागलाणात (नाशिक जिल्ह्याचा सटाण्याकडचा डोंगराळ भाग) वीकेंडला गाड्याच गाड्या दिसायला लागल्यात. चांगलंच आहे ते, साल्हेर आहेच तसा, महाराष्ट्रातलं कळसूबाईनंतरचं सगळ्यात उंच शिखर आणि १६७२ची ती मराठे-मुघलांची मैदानातली लढाई. पण त्याच रस्त्यावर, ताहाराबादहून साल्हेरकडे जाताना अलीकडेच मुल्हेर गाव लागतं, तिथे डाव्या हाताला तीन डोंगर एकमेकांना चिकटून उभे दिसतात, मोरा, मुल्हेर आणि हरगड, आणि बहुतेक गाड्या तिथे चहाला पण थांबत नाहीत. म्हणून हा रिव्ह्यू. किल्ल्याचा तर आहेच, पण गावात जी जेवणाची, झोपायची आणि वाटाड्याची सोय होते तिचा पण, कारण त्या सोयीशिवाय हा किल्ला अर्धाच दिसतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी थोडा इतिहास, कंटाळा करू नका कारण हे माहीत नसेल तर वर गेल्यावर नुसते दगड आणि झाडी दिसणार. बागलाणावर बागुल राजांचं राज्य होतं, स्वतःला कनौजच्या राठोडांचे वंशज म्हणवणारं घराणं, चौदाव्या शतकापासून १६३८ पर्यंत म्हणजे तीनशेपेक्षा जास्त वर्षं. आजूबाजूला कोण होतं बघा, गुजरातचे सुलतान, खानदेशचे फारुकी, अहमदनगरची निजामशाही, नंतर मुघल, आणि या सगळ्यांच्या मधोमध हे छोटंसं राज्य टिकून राहिलं! कारण एकतर डोंगर, आणि दुसरं म्हणजे सुरतेहून दख्खनमध्ये येणारा व्यापाराचा रस्ता बागलाणातून जायचा, त्यामुळे जकात होती, पैसा होता. मुल्हेरला टांकसाळ होती आणि इथल्या महमुदी नाण्यांना व्यापारात चांगला भाव होता. दरबारात संस्कृत कवी होता, रुद्रकवी, त्याने १५९६ मध्ये 'राष्ट्रौढवंश महाकाव्य' लिहिलं, त्यात या घराण्याची सगळी कथा आहे आणि मुल्हेरला मयूरगिरी म्हटलंय. अकबराच्या फौजेने सात वर्षं वेढा घालूनही किल्ला पडला नाही आणि शेवटी तह करावा लागला, असं जुन्या गॅझेटियरमध्ये येतं. शेवटी १६३८ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीच्या काळात मुघलांनी मुल्हेर घेतला, शेवटचा राजा बहिर्जी शरण आला आणि ते राज्य संपलं. ताहाराबाद हे गाव तेव्हाच्या मुघल सरदार मुहम्मद ताहिरच्या नावावरून. पुढे साल्हेरपाठोपाठ मुल्हेर पण मराठ्यांकडे आला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे.

तर हा लष्करी ठाणं म्हणून बांधलेला साधा किल्ला नाहीये. ही राजधानी होती. आणि ती राजधानी माचीवर, म्हणजे माथ्याच्या खालच्या रुंद सपाटीवर होती.

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण लोक इथेच चुकतात. साल्हेर-मुल्हेर असं एका वीकेंडमध्ये कोंबलेलं पॅकेज असतं, त्यात मुल्हेर म्हणजे दुसऱ्या दिवशी घाईघाईत बालेकिल्ल्याचा (किल्ल्याचा सगळ्यात वरचा भाग) माथा गाठायचा, ग्रुप फोटो काढायचा आणि खाली. माची नुसती पायाखालून जाते. आम्हाला वर असाच एक ग्रुप भेटला, त्यांना सोमेश्वराचं देऊळ कुठंय हे माहीतच नव्हतं आणि त्यांचा लीडर म्हणाला वेळ नाही, देवळं काय सगळीकडेच असतात. इतकं वाईट वाटलं मला.

आता वाट. गावातून शेतातल्या रस्त्याने पायथ्यापर्यंत जायचं, मग चढ सुरू होतो, फार अंगावर येणारा नाही. पुढे वाट फुटते, एक सरळ मुल्हेर आणि हरगडच्या मधल्या खिंडीकडे जाते आणि दुसरी डावीकडून दरवाज्यांमधून माचीवर. इथे बोर्ड नाही, निदान आम्ही गेलो तेव्हा नव्हता, आणि गवत वाढलेलं असलं की दोन्ही वाटा सारख्याच दिसतात. डावीकडची घ्या. मग एकामागे एक दरवाजे लागतात, पडझड झालेले पण बुरूज आणि तटाची जाडी बघूनच अंदाज येतो की आत काहीतरी जपण्यासारखं होतं.

माचीवर आलात की पहिलं गणपतीचं देऊळ, तळ्याच्या काठावर. शिखर बिखर काही राहिलेलं नाही पण मंडपाचे खांब! प्रत्येक खांबावर कोरीवकाम, वरच्या पट्टीत, खालच्या बैठकीत, आणि तळ्यात पाणी असेल तर सगळं देऊळ उलटं पाण्यात दिसतं. इथे किमान अर्धा तास बसा. आमच्या बरोबरच्या वाटाड्या काकांनी पाण्याची बाटली पण काढू दिली नाही आधी, म्हणाले "पहिले देवाला भेटा, मग बसा निवांत."

तिथून एक वाट सोमेश्वराकडे. दाट झाडीत, भोवती तटासारखी भिंत, समोर नंदी, आणि शिवलिंग गाभाऱ्यात खाली आहे, म्हणजे अरुंद जागेतून पायऱ्या उतरून जावं लागतं. आत गारवा असतो, बाहेर कितीही ऊन असू दे. हे देऊळ अजून पूजेत आहे, श्रावणात आणि महाशिवरात्रीला गावातले लोक येतात, त्यामुळे चपला, आवाज, खाणं याचं भान ठेवा. आणि मग मोती तलाव, भलं मोठं बांधीव टाकं, एका डोंगराच्या खांद्यावर एवढं पाणी साठवायची अक्कल आणि ताकद होती त्या लोकांकडे. सात वर्षांच्या वेढ्याची गोष्ट ऐकल्यावर मला ती जरा वाढवून सांगितलेली वाटली होती, पण मोती तलावाच्या काठावर उभं राहिल्यावर ती पटते. पाणी आहे, गुरांना चारा आहे, शेती करता येईल एवढी सपाटी आहे, मग खाली कोणी का बसेना.

बाकी माचीवर रानात शिरलात की जोती दिसत राहतात. वाड्यांची, घरांची. कुठे उंबरठ्याचा दगड, कुठे कमानीचा अर्धा भाग, कुठे नुसता चौथरा आणि त्याच्या मधोमध वाढलेलं झाड, आणि हे किती दूरपर्यंत पसरलंय ते कळतच नाही कारण पाच पावलं आत गेलं की पुढचं जोतं दिसतं. इथेच वाटाड्याचा खरा उपयोग. काकांना कुठलं जोतं कुठे आहे ते पाठ होतं कारण लहानपणी गुरं घेऊन ते इथेच यायचे. कुठला दगड देवळाचा आणि कुठला नंतर कोणी गुरांसाठी रचलेला हे ते बरोबर सांगायचे. जे माहीत नाही तिथे सरळ "ते काही आपल्याला ठाऊक नाही" म्हणायचे, उगाच गोष्टी रचल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

बालेकिल्ला वर आहे, माचीवरून परत चढ, पुन्हा दरवाजे, कातळात खोदलेल्या गुहा, आणि माथ्यावर ओळीने खोदलेली टाकी, भडंगनाथाचं देऊळ, पडक्या भिंती. उंची साधारण ४३०० फूट. हवा स्वच्छ असेल तर मांगी-तुंगीचे जोड सुळके आणि साल्हेर-सालोटा एकदम समोर. पूर्वेला मोरागड, मधे खिंड, ती खिंड सुद्धा तट घालून बंद केलेली. मोरावर कातळात कोरलेला जिना आणि दरवाजे आहेत, भारी आहेत, पण पावसात आणि पावसानंतर लगेच शेवाळ असतं, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर मोरा सोडून द्या. हरगड वेगळ्या दिवशी. तिन्ही एका दिवसात करणारे करतात, मला त्यात अर्थ वाटत नाही. आणि वेळ कमी असेल तर मी उलटं सांगेन, माथा सोडा आणि माची नीट बघा.

जेवण आणि मुक्काम: गावात ओळखीने घरगुती सोय होते, हॉटेल वगैरे अपेक्षा नको. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशींनी रात्री नागलीची भाकरी, उडदाची डाळ, वांग्याचं भरीत आणि ठेचा असं वाढलं, चुलीवरचं, आणि नागलीची भाकरी गरम असतानाच खायची असते म्हणून स्वतः न बसता एकेक भाजून ताटात टाकत होत्या. ठेचा झणझणीत आहे, आधी सांगितलंत तर कमी तिखट देतात. सकाळी पोहे आणि चहा, आणि गडावर न्यायला भाकरी-पिठलं बांधून. शहरातल्या साध्या थाळीच्या पैशात हे सगळं, त्यामुळे घासाघीस करू नका प्लीज. झोपायला ओसरीवर सतरंजी, पांघरूण मिळतं पण डिसेंबर-जानेवारीत बागलाणात थंडी चांगलीच पडते, स्लीपिंग बॅग न्याच. टॉयलेट साधं पण स्वच्छ. मोबाईलची रेंज गावात ठीक, वर येते जाते. घरात आपसात अहिराणी चालते, आपल्याशी मराठी, संध्याकाळी अंगणात बसून ऐकायला मजा येते.

गावातलं उद्धव महाराजांचं समाधी मंदिर चुकवू नका. जुनं लाकूडकाम आहे, आणि कोजागिरीला इथे रासक्रीडेचा उत्सव असतो, रात्रभर पदं गातात, पिढ्यानपिढ्या चालत आलेली परंपरा. जमलं तर ट्रेक त्याच तारखेला जुळवा, पण मग राहायची सोय खूप आधी सांगून ठेवावी लागेल.

तक्रारी आहेत आणि त्या लिहिल्याच पाहिजेत. देवळाच्या खांबांवर ऑइलपेंटने नावं लिहिलीत लोकांनी, काहींनी तर दगडावर खरवडून. टाक्यांमध्ये प्लास्टिकच्या बाटल्या. दिशा दाखवणारा, माहिती देणारा एकही धड फलक नाही, म्हणजे जिथे तीनशे वर्षं राज्य चाललं तिथे आलेल्या माणसाला साधं कळू नये की तो कुठे उभा आहे? भिंतींच्या सांध्यात उंबर-पिंपळाची मुळं गेलीत, दर पावसाळ्यात एखादा दगड सुटतोय असं काका म्हणाले. मोठं काही नको, निदान मुळं काढा, वाटेवर चार पाट्या लावा आणि गावातल्या तीन-चार पोरांना वाटाडे म्हणून शिकवून रोजगार द्या. साल्हेरला येणाऱ्या गर्दीतली थोडी जरी इकडे वळली तरी गावाला फायदा आहे, फक्त ती गर्दी खांबांवर नावं लिहिणारी नको.

रेटिंग द्यायचं तर किल्ल्याला पाचपैकी पाच, जेवणाला पाच, वाटाड्याला पाच, देखभालीला एक आणि तोही गावकरी सोमेश्वर झाडून-पुसून ठेवतात म्हणून.

जायचं कसं: नाशिकहून सटाणा, सटाण्याहून ताहाराबाद, तिथून मुल्हेर. सटाण्याहून एसटी आहेत पण वेळा डेपोत विचारून घ्या, संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर ताहाराबादहून जीपची वाट बघावी लागते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट, सप्टेंबरात हिरवं असतं पण गवतात जोती लपतात. वाटाडा गावात गेल्यावर पारावर किंवा चहाच्या टपरीवर विचारलं की मिळतो, पैसे निघायच्या आधी ठरवा, दिवसभराचे म्हणून ठरवा, आणि "आधी पूर्ण माची, मग वेळ उरला तर बालेकिल्ला" असं स्पष्ट सांगा, कारण सवयीने ते पण आधी माथ्यावरच नेतात.