‘ल ज्यूस्त प्री’ : भाव जाणणाऱ्यांचा खेळ

‘द प्राइस इज राइट’ या अमेरिकी कार्यक्रमाची फ्रेंच आवृत्ती असलेला ‘ल ज्यूस्त प्री’ हा खेळ टीएफ-१ वाहिनीवर १९८७ च्या अखेरीस सुरू झाला आणि २००१ पर्यंत चालला. फ्रान्समधील वस्तूंच्या किमतींवरचे सरकारी नियंत्रण बहुतांशी उठवणारा अध्यादेश त्याच्या वर्षभर आधीचा, म्हणजे डिसेंबर १९८६ चा आहे. आपल्याकडे वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. तिथे मात्र दुकानागणिक भाव बदलतो आणि तो ध्यानात ठेवावा लागतो. घरखर्च सांभाळणाऱ्या माणसाच्या या ज्ञानाला भर सभेत मान मिळतो, हेच मला या कार्यक्रमाचे खरे मोठेपण वाटते.

प्रेक्षकांतून नावे पुकारून चौघांना पुढे बोलावले जाते आणि दाखवलेल्या वस्तूच्या किमतीच्या सर्वांत जवळ, पण तिच्या वर न जाता पोहोचणारा स्पर्धक मंचावर जातो. शेवटी बोलणाऱ्याला आधीच्या बोलीत फक्त एक फ्रँक मिळवून दुसऱ्याची वाट अडवता येते. ही चाल नियमात बसते, तरी ती पाहताना मन खट्टू होते. त्याहून मोठी उणीव चक्राची आहे. पाचपासून शंभरपर्यंतचे आकडे असलेले ते चक्र फिरवून शंभराच्या जवळ जायचे असते, आणि त्यात भाव अचूक सांगणारा माणूस निव्वळ दैवाने बाद होतो.

अंतिम फेरी मात्र अप्रतिम आहे. बक्षिसांनी भरलेल्या दालनाची एकूण किंमत तीस सेकंदांत नेमकी सांगायची असते आणि सूत्रसंचालक ‘जास्त’ किंवा ‘कमी’ एवढेच उत्तर देतो. किंमत चाळीस हजारांच्या टप्प्यात कुठेही असली, तरी दर वेळी उरलेल्या टप्प्याचा मध्य सांगत गेल्यास सोळा प्रयत्नांत ती सापडतेच, म्हणजे एका प्रयत्नाला जेमतेम दोन सेकंद मिळतात. इथे दैवाला जागा उरत नाही. डोके शांत ठेवून मोठ्या आकड्यांचे निमपट करता येणे, हीच कसोटी असते.

१९९३ मध्ये अकाली निधन पावलेले पात्रिक रुआ आणि त्यांच्यानंतर आलेले फिलिप रिझोली यांनी स्पर्धकाला बोलू देणारे सूत्रसंचालन केले. २००९ मध्ये विनोदी कलाकार व्हँसाँ लागाफ यांच्यासह कार्यक्रम परतला तेव्हा फ्रँकची जागा युरोने घेतली होती आणि गलकाही वाढला होता. २०२२ मध्ये एम-६ वाहिनीने जादूगार एरिक आंत्वान यांच्याकडे तो सोपवला. प्रथमच पाहणाऱ्याने रिझोलींच्या काळातील भाग निवडावेत. फ्रेंच शिकणाऱ्यांना तर मोठे आकडे कानावर पक्के बसवण्यासाठी अंतिम फेरीच पुन्हा पुन्हा ऐकावी, असे मी आग्रहाने सांगेन.